पुनर्विवाह कोणाचा? : 'द ऑफुल ट्रूथ' आणि समीक्षेची सोय

स्टॅन्ली कॅव्हेल यांचा 'परस्यूट्स ऑफ हॅपिनेस' हा ग्रंथ १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून हॉलिवूडच्या एका विनोदप्रकाराविषयी बोलण्याची भाषाच जणू ठरून गेली. लिओ मॅकॅरी यांच्या 'द ऑफुल ट्रूथ' (१९३७) या चित्रपटाचे नाव निघाले की 'समानांचा संवाद', 'परस्परस्वीकृती', 'विवाह म्हणजे अखंड चालणारे शिक्षण' ही पदे पाठोपाठ येतात. ही भाषा इतकी सरावाची झाली आहे की ती एका तत्त्वचिंतकाने स्वतःच्या विशिष्ट वैचारिक गरजेपोटी घडवलेली आहे, याचाही विसर पडावा. चित्रपट पुन्हा पाहिला तरी पाहणारा कॅव्हेल यांचाच चित्रपट पाहतो. मॅकॅरींचा चित्रपट बाजूला राहतो.

कॅव्हेल यांनी एक मोठे काम केले, हे नाकारण्याचे कारण नाही. करमणुकीच्या बाजारात निर्माण झालेल्या कलाकृतींना मिल्टनच्या घटस्फोटविषयक पुस्तिकेशेजारी, कांट आणि एमर्सन यांच्या शेजारी बसवण्याचे धैर्य त्यांनी दाखवले. ते दाखवताना त्यांनी चित्रपटांची थट्टा केली नाही आणि तत्त्वज्ञानाचीही केली नाही. परंतु पंक्तीला बसवताना पाहुण्याला आधी यजमानाचे कपडे घालावे लागावेत, तसे या चित्रपटांचे झाले आहे. विनोदाला प्रतिष्ठा मिळाली ती विनोद म्हणून नव्हे. ज्ञानमीमांसेचे एक दृष्टान्तरूप म्हणून मिळाली. या व्यवहारात काय गमावले गेले, याचा हिशेब अद्याप पुरता मांडला गेलेला नाही.

प्रथम कथानक. जेरी वॉरिनर हा न्यूयॉर्कमधील सुखवस्तू गृहस्थ पत्नीला फ्लोरिडाला जातो असे सांगून दोन आठवडे कोठेतरी राहतो. घरी परतण्यापूर्वी क्लबात दिव्याखाली पडून अंगाला उन्हाचा रंग आणतो. तो घरी येतो तेव्हा पत्नी ल्यूसी घरात नाही. ती येते ती आदल्या रात्रीच्या समारंभी पोशाखात, आपला संगीतशिक्षक आर्मांड याच्यासह. गाडी बंद पडली म्हणून रात्र बाहेर काढावी लागली, असे ती सांगते. जेरीने 'फ्लोरिडाहून' आणलेल्या संत्र्यावर मात्र कॅलिफोर्नियाचा शिक्का निघतो. प्रकरण न्यायालयात जाते, नव्वद दिवसांनी अंतिम होणारा हुकूमनामा मिळतो. त्या नव्वद दिवसांत ल्यूसी ओक्लाहोमाच्या डॅन लीसन नावाच्या तेलव्यावसायिकाशी आणि जेरी बार्बरा व्हान्स नावाच्या धनाढ्य घराण्यातील मुलीशी लग्न ठरवतो. दोघेही एकमेकांचे बेत उधळून लावतात. शेवटच्या रात्री कनेटिकटमधील एका घरात, मध्यरात्रीचे ठोके पडण्याच्या सुमारास, ते पुन्हा एकत्र येतात.

या कथेला कॅव्हेल 'पुनर्विवाहाची सुखात्मिका' म्हणतात. त्यांनी या प्रकारात सात चित्रपट घातले. त्यांपैकी किती चित्रपटांत घटस्फोटित जोडपे खरोखर पुन्हा लग्न करते, किंवा निदान तसे ठरवते? 'द फिलाडेल्फिया स्टोरी' (१९४०) आणि 'हिज गर्ल फ्रायडे' (१९४०), एवढे दोनच. 'अॅडम्स रिब'मधील (१९४९) जोडप्याचा घटस्फोट पुरा होतच नाही. 'ब्रिंगिंग अप बेबी'मध्ये (१९३८) नायक-नायिकेचे आधी लग्नच झालेले नसते. 'इट हॅपन्ड वन नाइट'मध्ये (१९३४) मोडते ते नायिकेचे दुसऱ्याच माणसाशी झालेले लग्न. 'द लेडी ईव्ह'च्या (१९४१) अखेरीस नायक-नायिका विवाहितच असतात, फक्त नायकाला ते ठाऊक नसते. आणि ज्या चित्रपटाची एवढी चर्चा, त्या 'द ऑफुल ट्रूथ'मध्ये हुकूमनामा मध्यरात्रीपर्यंत अंतिम होत नसल्यामुळे जेरी आणि ल्यूसी जवळजवळ पूर्ण चित्रपटभर कायद्याने पती-पत्नीच आहेत. बिचाऱ्या डॅनने मागणी घातली ती एका विवाहित स्त्रीला.

ही गणिती कुरापत नाही. कॅव्हेल यांना हा आक्षेप ठाऊक होता, आणि त्याचे उत्तर त्यांनी प्रकारसिद्धान्तात देऊन ठेवले आहे : एखाद्या कृतीत प्रकाराचे एखादे लक्षण नसेल तर ती त्याची भरपाई दुसऱ्या लक्षणाने करते, आणि या भरपाईमुळेच ती प्रकाराची सभासद ठरते. युक्तिवाद देखणा आहे. पण लक्षण असले तर सभासदत्व आणि नसले तरी भरपाईपोटी सभासदत्व, अशी व्यवस्था केल्यावर त्या प्रकाराबाहेर राहणार कोण, हा प्रश्न उरतोच. ज्या सिद्धान्ताला खोटे ठरण्याची सोयच ठेवलेली नाही, तो वर्णनासाठी कितीही उपयोगी पडो, निकषासाठी निरुपयोगी असतो. नॉरथ्रॉप फ्राय यांचे वर्गीकरण आपल्याकडे शिकवताना त्याच्या चौकटीत न बसणाऱ्या कृतींवर बोट ठेवण्याची मुभा विद्यार्थ्याला असते. कॅव्हेल यांच्या चौकटीत मात्र न बसणे हाच बसण्याचा पुरावा होतो.

शिवाय 'पुनर्विवाह' हा शब्द मराठीत उच्चारून पाहावा. तो उच्चारताक्षणी त्याच्याबरोबर एक इतिहास येतो. १८५६ च्या कायद्याने हिंदू विधवेच्या पुनर्विवाहाला मान्यता दिली, आणि त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा मृत पतीच्या मालमत्तेवरील हक्क काढूनही घेतला. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी लग्न केले तेव्हा त्यांच्या गावाने त्यांना वाळीत टाकले. ज्या जातींत पाट आणि काडीमोड या रीती पिढ्यान्‌पिढ्या चालत होत्या, त्यांना तर या साऱ्या वादाचे नवलच वाटावे. लग्न मोडता येते आणि पुन्हा लावता येते, हे शहाणपण त्यांना शिकवायला कोणत्या तत्त्वज्ञाची गरज नव्हती. मराठीत पुनर्विवाह म्हणजे स्त्रीने दुसऱ्या पुरुषाशी केलेला विवाह. त्यात स्त्रीला काहीतरी पणाला लावावे लागते. कॅव्हेल यांच्या पुनर्विवाहात स्त्री त्याच पुरुषाकडे परतते आणि पणाला लागते ते तिच्या मनातील तरंगांपलीकडे फारसे काही नाही. भाषांतर करताना शब्द अडखळतो तेव्हा पुष्कळदा मूळ कल्पनेतच कोठेतरी पाणी मुरत असते.

ते कोठे मुरते हे पाहण्यासाठी कायद्याकडे वळले पाहिजे. कॅव्हेल यांच्या विवेचनात कायदा रूपकापुरता येतो, तर त्यांच्या विरोधकांच्या विवेचनात तो जवळजवळ येतच नाही.

न्यूयॉर्क राज्यात १७८७ पासून १९६६ चा सुधारणा कायदा अमलात येईपर्यंत पूर्ण घटस्फोटासाठी व्यभिचार हे एकच कारण मान्य होते. क्रौर्य नाही, मतभेद नाही, परस्परसंमती तर नाहीच. दोन्ही पक्षांनी संगनमत केल्याचे उघड झाले तर दावा फेटाळला जाई. परिणामी जे व्हायचे तेच झाले : ज्यांना शांतपणे वेगळे व्हायचे होते ती जोडपी पुरावा 'तयार' करीत. हॉटेलातील खोली, भाड्याने आणलेली स्त्री, वेळेवर दार ठोठावणारा साक्षीदार आणि छायाचित्रकार, असा हा प्रयोग ठरीव संहितेनुसार चाले. वृत्तपत्रे त्याच्या कहाण्या छापत आणि वाचक त्या वाचत. १९३७ च्या न्यूयॉर्कमधील प्रेक्षकाला घटस्फोटाचा दावा म्हणजे काय हे सांगावे लागत नव्हते.

आता चित्रपटातील न्यायालयाचा प्रसंग पाहावा. तेथे व्यभिचाराचा शब्द निघत नाही. दाव्याचे कारण सांगितले जात नाही. साक्ष काय ती एकाच जिवाची होते, आणि तो जीव म्हणजे 'मिस्टर स्मिथ' नावाचा कुत्रा. कुत्रा कोणाकडे राहावा एवढाच वाद न्यायाधीशासमोर आहे, आणि ल्यूसी त्याचे आवडते खेळणे गुपचूप दाखवून त्याला आपल्याकडे वळवते. म्हणजे न्यायालयात जे काही सिद्ध होते ते लबाडीने सिद्ध होते. हसू येते, आणि हसता हसता एक गोष्ट निसटून जाते : त्या राज्याच्या कायद्यानुसार हुकूमनामा मिळायचा तर या दोघांपैकी एकाचा व्यभिचार सिद्ध झालेला असलाच पाहिजे. वकिलाला दूरध्वनी ल्यूसीच करते. (तो वकील एकीकडे विवाहाचे पावित्र्य वर्णन करीत असतो आणि मध्येच जेवायला हाक मारणाऱ्या स्वतःच्या बायकोवर खेकसतो, हा अर्ध्या मिनिटाचा विनोद कॅव्हेल यांच्या अनेक पृष्ठांना पुरून उरतो.) तेव्हा जेरी त्या दोन आठवड्यांत कोठे होता, हे न्यायालयाला कळले असले पाहिजे, किंवा त्याविषयी काही बनाव न्यायालयात सादर झाला असला पाहिजे. न्यायाधीशाला जे कळले, ते प्रेक्षकाला अखेरपर्यंत कळत नाही.

यावर असे म्हटले जाईल की कल्पित विश्वात बाहेरचा कायदा ओढून आणणे गैर आहे. शिवाय १९३४ पासून कडकपणे राबवल्या गेलेल्या निर्मितिसंहितेमुळे चित्रपटाला व्यभिचाराविषयी मौन पाळणे भागच होते. दुसरी गोष्ट खरी आहे. विवाहसंस्थेचे पावित्र्य राखले पाहिजे असे ती संहिता सांगत होती आणि जोसेफ ब्रीन यांचे कार्यालय त्यावर नजर ठेवून होते. परंतु मौन लादलेले होते म्हणून ते अर्थशून्य ठरत नाही. उलट, कोणत्या जागी मौन आले आणि त्या मौनाच्या आड कथेचा भार कोणावर सरकला, हेच पाहण्यासारखे आहे. जेरीच्या खोटेपणाचा वस्तुरूप पुरावा पहिल्या काही मिनिटांतच पडद्यावर येतो. ते संत्रे हातात धरून दाखवता येते. ल्यूसीविरुद्ध मात्र केवळ संशय आहे. पुढे तपास कोणाचा होतो? संत्र्याचा नाही. तपास होतो आर्मांडच्या टोपीचा, आर्मांडच्या संगीतकक्षाचा, ल्यूसीच्या शयनगृहाचा. ज्याचा गुन्हा सिद्ध आहे तो तपासनीस, आणि जिचा सिद्ध नाही ती आरोपी.

कॅव्हेल यांचे सुप्रसिद्ध सूत्र असे की दुसऱ्या माणसाचे मन पुराव्याने 'जाणता' येत नाही, त्याचा 'स्वीकार' करावा लागतो. संशयवादाला उत्तर ज्ञानाने नव्हे, स्वीकृतीने मिळते. जेरीला हे शिकावे लागते आणि तो शिकतो, असे त्यांचे वाचन आहे. वाचन चुकीचे नाही, अर्धे आहे. जेरीने ल्यूसीविषयीचा संशय सोडावा ही स्वीकृती. पण ल्यूसीने जेरीविषयीचे ज्ञान सोडावे, याला काय म्हणायचे? तिला संशय नव्हता, तिला माहिती होती. एका पक्षाने संशय सोडायचा आणि दुसऱ्या पक्षाने पुरावा सोडायचा, हा सौदा समानांचा नव्हे. आणि 'स्वीकृती' ही संकल्पना इतकी उदात्त आहे की तिच्या प्रकाशात हा फरक दिसेनासा होतो.

समानतेचा दावा आणखी एका जागी तपासावा लागतो, आणि ती जागा अधिक अवघड आहे, कारण तेथे चित्रपट सर्वाधिक आनंद देतो.

जेरी नाइटक्लबात डिक्सी बेल ली नावाच्या गायिकेला घेऊन येतो. तिचे गाणे होते. गाण्याच्या ठरावीक ओळीवर खालून वारा सोडला जातो आणि तिचा झगा उडतो. मंचासमोर बसलेली भद्र मंडळी अवघडून जातात. चित्रपटाच्या उत्तरार्धात ल्यूसी जेरीची 'बहीण' बनून व्हान्स कुटुंबाच्या दिवाणखान्यात अवतरते. जेरीने आपले वडील प्रिन्स्टन विद्यापीठाचे असल्याचे सांगून ठेवलेले असते; ही बहीण त्याला दुजोरा देते आणि वर सांगते की ते तेथे बागकाम पाहत असत. मग ती डिक्सी बेलचेच गाणे म्हणते, वारा नसताना वाऱ्याची कल्पना करायला लावून. व्हान्स मंडळी गोठून जातात. जेरीच्या चेहऱ्यावर हळूहळू जे हसू उमटते, ते पाहून त्याचे बार्बराशी लग्न होणार नाही हे प्रेक्षकाला कळून चुकते. आयरिन डन या अभिनेत्रीच्या कारकिर्दीतील हा कदाचित सर्वोत्तम प्रसंग असेल. तालीमबद्ध गळ्याच्या गायिकेने मुद्दाम उथळ गाणे गावे आणि त्यातही तिचा ताल सुटू नये, ही सोपी गोष्ट नाही.

समीक्षेने या प्रसंगाची जी अर्थनिर्णयने केली ती ल्यूसीच्या मुक्तीची आहेत : ती आपल्यातील खट्याळ, देहभान असलेली स्त्री प्रकट करते, पतीला त्याच्या ढोंगाचा आरसा दाखवते, नव्याने घडते. स्त्रीची नवनिर्मिती हा या साऱ्या चित्रपटांचा गाभा आहे आणि तो स्त्री-पुरुष समतेच्या चळवळीच्या एका टप्प्याशी निगडित आहे, असे कॅव्हेल मानतात. ठीक. पण ल्यूसी नव्याने घडते ती कोणाच्या सामग्रीतून? डिक्सी बेल ही या चित्रपटात पोटासाठी राबताना दिसणारी जवळजवळ एकमेव स्त्री आहे. झगा उडवून घेणे हा तिचा उद्योग आहे, त्यावर तिचे भाडे भागते. ल्यूसीच्या दृष्टीने तीच गोष्ट एका संध्याकाळची सोंगाची पेटी. डिक्सी बेल गाते तेव्हा हसायचे ते तिला. ल्यूसी तेच गाते तेव्हा हसायचे ते व्हान्सांना, आणि ल्यूसीबरोबर. उच्च वर्गाला हास्यास्पद करण्यासाठी निम्न वर्गाची लकब उसनी घ्यायची आणि काम झाले की परत करायची, या व्यवहारात डिक्सी बेलला कोणी विचारत नाही. नाइटक्लबानंतर ती कथेतून नाहीशी होते. कॅव्हेल ज्याला दोन समानांचा संवाद म्हणतात त्याला तिसरे माणूस लागते, आणि त्या तिसऱ्या माणसाला बोलायला जागा नसते.

तोच न्याय डॅन लीसनला. राल्फ बेलामी यांनी साकारलेला हा मनुष्य आईबरोबर राहतो, बेसूर गातो, भांगड्यासारखे उड्या मारीत नाचतो, स्वतः रचलेली कविता वाचून दाखवतो. तो कविता वाचत असताना दाराआड लपलेला जेरी पेन्सिलीने ल्यूसीला गुदगुल्या करतो आणि ती हसते. डॅनला वाटते, कविता आवडली. विनोद निर्दय आहे. तीनच वर्षांनी हॉवर्ड हॉक्स यांच्या 'हिज गर्ल फ्रायडे'मध्ये याच नटाला हीच भूमिका थोड्या फरकाने करावी लागली, तेथे तो ऑल्बनीचा विमाविक्रेता आहे, आणि तेथे तर नायक त्याचे वर्णन 'राल्फ बेलामी नावाच्या नटासारखा' असेच करतो. एव्हाना बळीचा बकरा हा त्या नटाचा व्यवसायच झाला होता. फ्राय यांच्या मांडणीत सुखात्मिकेचा कल अखेरच्या मेळ्यात जास्तीत जास्त माणसे सामावून घेण्याकडे असतो. आडकाठी आणणारेही शक्यतो पंक्तीला येतात. कॅव्हेल शेक्सपियरचे हरित विश्व कनेटिकटमध्ये शोधतात, पण आर्डनच्या अरण्यात किती गर्दी होती हे विसरतात. 'द ऑफुल ट्रूथ'च्या शेवटी मेळा नाही, पंक्ती नाही. एका बंद घरात दोघेजण आहेत. बाकी सर्वांना त्यांच्या त्यांच्या घरी पाठवलेले आहे, आणि ल्यूसीची पॅट्सी मावशी, जी या चित्रपटातील सर्वात शहाणी व्यक्ती आहे, तिचे घर तेवढे वापरायला घेतले आहे.

एवढे म्हटल्यावर विरोधी पक्षाला आनंद होण्याचा संभव आहे. डेव्हिड शमवे यांनी १९९१ मध्ये मांडले की हे विनोदपट प्रणयाची धुंदी विवाहावर पांघरून विवाहाचे वास्तव झाकतात; आणि त्यांच्या मागून आलेल्या विचारव्यूहवादी समीक्षेला प्रत्येक सुखान्त हा व्यवस्थेचा विजय वाटू लागला. या समीक्षेचे कॅव्हेल यांच्याशी भांडण आहे असे ती समजते. वस्तुतः दोघांची खाती एकाच पेढीवर आहेत. दोघेही चित्रपटाला एक प्रमेय मानतात आणि शेवटाला त्या प्रमेयाचा निष्कर्ष मानतात. एकाला निष्कर्ष पटतो, दुसऱ्याला पटत नाही. निष्कर्षापर्यंत पोचायला जी नव्वद मिनिटे लागतात त्यांत प्रेक्षक कशाला हसला, केव्हा हसला आणि हसताना कोणाच्या बाजूला होता, हा प्रश्न दोघांनाही क्षुल्लक वाटतो. डॅनची आणि डिक्सी बेलची बाजू घेणे म्हणजे विनोदाविरुद्ध फिर्याद लावणे नव्हे. त्यांना हसल्याशिवाय ती बाजू दिसतच नाही.

मॅकॅरी यांची घडण येथे आठवली पाहिजे. हॅल रोच यांच्या चित्रसंस्थेत मूक लघुपट करीत असताना लॉरेल आणि हार्डी यांची जोडी जमवण्यात त्यांचा वाटा मोठा होता. तेथे ते एक गोष्ट शिकले : विनोद घटनेत नसतो, घटनेनंतरच्या थांबण्यात असतो. 'द ऑफुल ट्रूथ'ची पटकथा विन्या डेलमार यांच्या नावावर आहे आणि मूळ आधार आर्थर रिचमन यांच्या १९२२ च्या नाटकाचा आहे. परंतु चित्रीकरणाच्या वेळी मॅकॅरी संहिता बाजूला ठेवून प्रसंग ऐनवेळी रचत, हे सर्वज्ञात आहे. या पद्धतीने कॅरी ग्रँट इतके अस्वस्थ झाले की त्यांनी भूमिकेतून सुटका मागितली. पुढे ज्याला 'कॅरी ग्रँट' म्हणून जग ओळखू लागले तो विनोदी नट या अस्वस्थतेतूनच उभा राहिला. अशा कृतीचे संवाद उतरवून घेऊन त्यांचे तात्त्विक विवरण करणे म्हणजे गायकाची चीज कागदावर लिहून तिच्या शब्दांवरून मैफलीचे परीक्षण करण्यासारखे आहे.

उदाहरणादाखल संगीतकक्षातील प्रसंग घ्यावा. जेरी आर्मांडच्या घरात पत्नीला रंगेहाथ पकडण्यासाठी घुसतो, नोकराशी झटापट करतो, दार ढकलतो आणि पाहतो तर तेथे प्रतिष्ठित श्रोत्यांसमोर ल्यूसीचे गायन चालू आहे. तो मागे खुर्चीवर बसतो, ऐटीत खुर्ची मागे रेलतो आणि टेबलासकट कोसळतो. कोसळणे एकदम होत नाही. सावरण्याच्या प्रत्येक प्रयत्नातून आणखी काहीतरी पडते. ल्यूसी गातच असते. गाण्याच्या अगदी शेवटच्या स्वरांत तिचे हसू मिसळते, पण ते स्वर सोडून नाही, स्वरातच. पतीने संशयाने केलेला अपमान, पतीची झालेली फजिती, त्याच्याविषयी अजून शिल्लक असलेली ओढ आणि सभेत गाणाऱ्या बाईची शिस्त, हे सगळे त्या एका हसण्यात आहे. तेथे संवादाचे एक अक्षरही नाही. 'स्वीकृती' हा शब्द त्या हसण्याला लावून पाहिला की तो किती जड आहे हे कळते. 'विचारव्यूह' हा शब्द लावला तर तो नुसताच घरंगळतो.

मराठी समीक्षेला या प्रकरणात बाहेरून न्याय करण्याचा अधिकार आहे असेही नाही. न. चिं. केळकर यांचा 'हास्यविनोदमीमांसा' हा ग्रंथ १९३७ चाच. तेव्हापासून आजपर्यंत विनोदाच्या उपपत्तींची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली. परंतु प्रत्यक्ष विनोदी लेखकाचे मूल्यमापन करण्याची वेळ आली की समीक्षकाची नजर प्रथम त्याच्या हास्यामागील आसवे शोधते. कारुण्याची झालर सापडली की लेखक थोर. न सापडली तर तो करमणूक करणारा. गडकऱ्यांपासून पु. ल. देशपांडे यांच्यापर्यंत ही झालर किती जणांना चिकटवली गेली याची गणती करणे कठीण आहे. मॅकॅरींनी त्याच १९३७ साली 'मेक वे फॉर टुमॉरो' हा, म्हाताऱ्या आईवडिलांची मुलांकडून होणारी ताटातूट दाखवणारा चित्रपट केला होता. 'द ऑफुल ट्रूथ'साठी सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचे ऑस्कर स्वीकारताना त्यांनी ते चुकीच्या चित्रपटासाठी दिले गेल्याचे सांगितले. हा किस्सा आजही मोठ्या कौतुकाने सांगितला जातो, जणू अश्रूंना हास्याहून वरचा दर्जा आहे हे खुद्द दिग्दर्शकानेच मान्य केले. दिग्दर्शकाचे स्वतःच्या कृतीविषयीचे मत हे पुराव्यांतील एक पुरावा असते, निवाडा नव्हे. एरवी लेखकाच्या हेतूला न्यायालयाबाहेर काढणारी समीक्षा येथेच तेवढी भाविक का होते, हे कोडे आहे. कॅव्हेल यांनी झालर बदलली, एवढेच. कारुण्याच्या जागी त्यांनी कांट लावला.

शेवटाकडे पुन्हा पाहिले पाहिजे, कारण दोन्ही पक्षांची भिस्त त्यावर आहे. कनेटिकटच्या घरात शेजारच्या दोन खोल्यांत दोघे झोपले आहेत. मधल्या दाराची कडी नीट बसत नाही. वारा ते उघडतो. दाराशी मांजर येऊन बसते आणि त्याचाही अडसर होतो. अवघडलेले बोलणे होते : सारे पूर्वीसारखेच होऊ शकेल का, पण थोडे वेगळे, ते वेगळे असल्यामुळेच तसे नाही, आणि तसे असते तर वेगळे नसते. कॅव्हेल यांनी या बोलण्यावरून आपल्या प्रकरणाला 'सारखे आणि वेगळे' असे नाव दिले आणि त्यातून तादात्म्य व भेद यांची मीमांसा उभी केली. प्रत्यक्षात ही दोन झोपाळलेली, लाजलेली माणसे व्याकरणात अडकून पडली आहेत. विनोद त्यांच्या तत्त्वज्ञानाचा नाही. जे सांगायचे ते सांगता येत नाही म्हणून वाक्ये गुंडाळली जातात, त्याचा आहे.

आणि मग घड्याळ. भिंतीवरील घड्याळाला दोन दारे आहेत, त्यांतून दर पंधरा मिनिटांनी एक पुरुष-बाहुली आणि एक स्त्री-बाहुली बाहेर येतात आणि आपापल्या दारातून आत जातात. निर्मितिसंहितेमुळे शयनगृहात कॅमेरा थांबू शकत नाही, म्हणून मध्यरात्री कॅमेरा घड्याळाकडे वळतो. बाहुल्या बाहेर येतात. स्त्री-बाहुली आपल्या दाराने आत जाते. पुरुष-बाहुली स्वतःच्या दाराकडे न जाता वळते आणि तिच्या मागोमाग तिच्या दारात शिरते. बर्गसाँ यांनी १९०० साली हास्याचे मूळ सजीवावर चढलेल्या यांत्रिकतेत पाहिले. येथे उलटे घडते : यंत्र आपली ठरलेली फेरी मोडते. जेरीने काही कबूल केलेले नाही, ल्यूसीने काही सिद्ध केलेले नाही, हुकूमनाम्याचे पुढे काय झाले हे कोणी सांगत नाही, त्या दोन आठवड्यांचा हिशेब लागलेला नाही. मध्यरात्र उलटली की नाही, म्हणजे दार बंद होताना ती दोघे कायद्याने विवाहित होती की परकी, हेही चित्रपट सांगत नाही.